कुणाच्याही वतीने नाही

माझ्या वर्गात हजेरी रोल नंबरने होते. आडनावं मी वर्षाच्या पहिल्या तासालाही उच्चारत नाही. मुलं आठवडाभरात एकमेकांना ओळखायला लागतात आणि आडनावं कुणापासून लपत नाहीत, हे मला माहीत आहे. तरीही ती शिक्षकाच्या तोंडून, भर वर्गात, एकामागून एक जाहीर होऊ नयेत असं मला वाटतं. मराठवाड्यात आडनाव कळलं की गाव विचारतात, गाव कळलं की ‘गावात कुठे’ असं विचारतात, आणि तिथेच थांबतात. पुढचं विचारायची गरज राहत नाही. मुलांनी माझंही असंच सगळं काढलेलं असतं. मी पैठण तालुक्यातल्या मराठा शेतकरी घरातली. आडनावावरून काही मुलं मला पहिल्याच दिवशी आपल्यातली धरतात आणि काही मुलं त्याच कारणाने गप्प बसायचं ठरवतात. त्या गप्प बसणाऱ्यांचं वर्षभर काय करायचं, हा माझ्या नोकरीतला सगळ्यात जुना प्रश्न आहे.

छत्रपती संभाजीनगरातल्या एका अनुदानित महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते, वीस वर्षांहून अधिक काळ. वर्गात सिल्लोड-कन्नडहून एसटीने येणारी मुलं असतात, मुकुंदवाडी-सिडकोतली असतात, किराडपुरा-शहागंजातली असतात, नागसेनवनाच्या बाजूला वसतिगृहात राहणारी असतात. बरीचशी पहाटे पोलीस भरतीसाठी धावून आलेली असतात आणि दुपारी अभ्यासिकेत एमपीएससीची पुस्तकं उघडून बसतात. आरक्षण हा त्यांच्यासाठी नुसता विचारांचा विषय नाही. कटऑफची यादी लागते तेव्हा दोन मित्रांपैकी एकाचं नाव तिच्यात असतं, दुसऱ्याचं नसतं, आणि दोघे भाड्याच्या एकाच खोलीत राहत असतात. रात्री जेवण दोघांना एकत्रच करायचं असतं.

‘असला विषय निघाला की सरळ नोट्स द्यायला लागा’, असा सल्ला मला पहिल्याच वर्षी स्टाफरूममध्ये मिळाला. देणारी माणसं भली होती, आणि त्यांनी विद्यापीठ नामांतराच्या दंगलींतला १९७८ चा मराठवाडा पाहिलेला होता. पण राज्यशास्त्राच्या शिक्षकाने टाळायचं म्हटलं तरी टाळायचं काय? अनुच्छेद १५ आणि १६ अभ्यासक्रमात आहेत, मंडल आयोग आहे, महाराष्ट्रातलं जातींचं राजकारण आहे. नोट्स उतरवून दिल्या तर मुलं त्या परीक्षेत लिहितात आणि खरा वाद पार्किंगमध्ये, चहाच्या टपरीवर, मोबाइलच्या स्टेटसवर घालतात. तिथे ‘हे तू कुठे वाचलंस?’ असं कुणी कुणाला विचारत नाही. म्हणून वाद वर्गातच व्हावा, हे मी धरून ठेवलं आहे.

आवाज चढला तर मला धोका वाटत नाही. एकोणीस-वीस वर्षांची मुलं आहेत, आवाज चढणारच. मी सावध होते ती वेगळ्या वेळी. बोलता बोलता कुणी असा प्रश्न टाकतो की सगळा वर्ग मान वळवून एकाच मुलाकडे किंवा मुलीकडे पाहायला लागतो. त्या क्षणापासून ती मुलगी विद्यार्थिनी राहत नाही. ती आपल्या सगळ्या जातीची, सगळ्या धर्माची वकील होते, आणि आरोपीही तीच असते. त्या माना वळू न देणं हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे.

१ सप्टेंबर २०२३ ला जालना जिल्ह्यात अंतरवाली सराटीला मराठा आरक्षणासाठीच्या मनोज जरांगे-पाटील यांच्या उपोषणाच्या ठिकाणी लाठीमार झाला. त्यानंतरचे काही दिवस मराठवाड्यात गाड्या जळाल्या, एसटी बंद पडली, वर्ग अर्धे रिकामे राहिले. मुलं परत आली ती तापलेलीच. एकाने चुलतभावाच्या पाठीवरच्या वळांचे फोटो आणले होते आणि तास सुरू व्हायच्या आधी तो मोबाइल बाकाबाकांवरून फिरला होता. त्या दिवशी ठरलेलं प्रकरण शिकवायला घेण्यात अर्थ नव्हता. मी खडू खाली ठेवला आणि म्हणाले, बोला.

गंगापूरकडचा एक मुलगा उभा राहिला. ‘मॅडम, आजोबाची अठ्ठावीस एकर होती. वाटण्या होत होत आमच्या वाट्याला अडीच एकर कोरडवाहू आली. त्यातली एक बहिणीच्या लग्नात गेली. आता दीड एकरात बाप राबतो, आन् लोक आम्हाला पाटील म्हणतात.’ वर्ग शांत होता. त्याचा शब्दन्‌शब्द खरा होता. हेच गणित मी माझ्या माहेरी पाहिलं आहे. पण तो तिथे थांबला नाही. ‘आन् यांना सगळं बसल्या जागी मिळतं’, असं म्हणत तो दुसऱ्या बाकाकडे वळला. तिथे वसतिगृहात राहणारी एक मुलगी बसली होती. ‘तूच सांग, अजून किती पिढ्या घेणार तुम्ही?’

माना वळल्या. ती वहीवर पेन टेकवून तशीच बसून राहिली.

मी म्हणाले, ‘हा प्रश्न मला विचार. तिला नाही. ती इथे शिकायला आली आहे, साक्ष द्यायला नाही.’

‘मॅडम, मी कुठे भांडतोय, नुसतं विचारलं.’

‘प्रश्न चांगला आहे. म्हणून तर मला विचार, उत्तर द्यायला पगार मला मिळतो.’

यावर तो खाली बसला आणि मी सगळ्यांना कागद काढायला सांगितला. नाव घालायचं नाही. आपल्या राज्यात कुठल्या प्रवर्गाला किती टक्के आरक्षण आहे, माहीत असेल तसं लिहा. कागद गोळा करून मोठ्याने वाचले. अनुसूचित जातींपुढे कुणी पंचवीस लिहिलं होतं, कुणी चाळीस, एकाने थेट पन्नास. मग फळ्यावर खरे आकडे मांडले. अनुसूचित जाती १३ टक्के. अनुसूचित जमाती ७. इतर मागासवर्ग १९. विमुक्त जाती आणि भटक्या जमातींचे चार गट मिळून ११. विशेष मागास प्रवर्ग २. बेरीज ५२. त्याखाली २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने आर्थिक दुर्बल घटकांसाठी आलेले १०. शेजारी १९९२ चा इंद्रा साहनी खटला आणि ५० टक्क्यांची मर्यादा. मग मराठा आरक्षणाचा प्रवास: २०१८ चा कायदा १६ टक्क्यांचा, २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तो शिक्षणात १२ आणि नोकऱ्यांत १३ वर आणला, ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. फेब्रुवारी २०२४ मध्ये आणखी १० टक्क्यांचा कायदा आला, तेव्हा पुढच्या तुकडीसाठी फळ्यावरची ती रांग मी वाढवली.

आकड्यांनी राग जात नाही. बापाच्या दीड एकराचा राग तर जायलाही नको. पण फळ्यावर आकडे आले की मुलं फळ्याकडे पाहायला लागतात आणि दुसऱ्या बाकावरची मुलगी त्या नजरांमधून सुटते. दहा मिनिटांनी त्याच मुलाने हात वर केला: ‘मग मॅडम, मर्यादा पन्नासची असताना बावन्न चालतात कसे?’ हा राज्यशास्त्राचा प्रश्न होता. त्यावर पुढचे दोन तास गेले, आणि त्यात ती मुलगीही बोलली, कायद्यावर बोलली, स्वतःवर नाही. खुल्या प्रवर्गातल्या आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे, हेही त्या तासाला निघालं. गंगापूरच्या मुलाने महाडीबीटीवर अर्जच भरलेला नव्हता. तो आम्ही भरून घेतला. त्याचं दुःख खरं होतं, आणि त्याचं मूळ जमिनीच्या वाटण्यांत, कोरडवाहू शेतीत, न निघणाऱ्या भरतीत होतं. दुसऱ्या बाकावर ते बसलेलं नव्हतं. मी फार तर एवढं दाखवू शकते.

त्या वर्षापासून कागद ही वर्गाची रीतच झाली. तापणारा विषय असला की बोलण्याआधी सगळ्यांनी अर्धं पान लिहायचं. पानाच्या मधून रेघ मारायची. डावीकडे ‘मी पाहिलं’, उजवीकडे ‘मी ऐकलं’. उजवी बाजू नेहमी भरते. डावीकडे बहुतेकांच्या दोन-तीनच ओळी असतात, पण त्या ओळी वाचण्यासारख्या असतात. ‘गावच्या हॉटेलात आमच्यासाठी वेगळा कप होता, मी लहानपणी पाहिला.’ ‘दाखल्यासाठी वडील तहसीलला किती वेळा गेले ते मोजलं नाही, पण चप्पल झिजली.’ ‘भाड्याने खोली बघायला गेलो, नाव ऐकल्यावर मालक म्हणाले, कालच दिली.’ ही शेवटची ओळ मुस्लीम मुलाने लिहिली असेल की दलित मुलाने, हे वर्गाला ओळखता येत नाही, आणि ओळखायचा प्रयत्न करता करता मुलं स्वतःच थबकतात.

कागदावरून आणखी एक आठवण. त्या हिवाळ्यात मराठ्यांच्या ओबीसी दाखल्यांसाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला होता. न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली होती, तहसीलांमधून निजामकाळातली दप्तरं बाहेर निघाली होती. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथला कारभार उर्दूत चालायचा. जुन्या नोंदी उर्दूत, काही मोडीत. गावोगाव लोक ते वाचणारी माणसं शोधत होते. वैजापूरच्या एका मुलाने घरातल्या पेटीत सापडलेल्या जमिनीच्या कागदाची झेरॉक्स वर्गात आणली. त्याच्या घरात कुणालाच ती वाचता येत नव्हती, मलाही येत नव्हती. उर्दू माध्यमातून शिकलेली एक मुलगी मुलींच्या रांगेत मागे बसायची. तिने स्वतःहून ती मागितली. अक्षर गिचमिड होतं, तिलाही अर्धंच लागलं. तिने ती झेरॉक्स घरी नानांना दाखवायला नेली. दोन दिवसांनी मराठीत लिहून आणलेला मजकूर तिने त्याच्या हातात दिला: सर्व्हे नंबर, शेजारच्या शेतांची नावं, सारा, आणि त्याच्या पणजोबाचं नाव. जातीचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता.

मुलाचा चेहरा पडला. त्याला हवा होता तो शब्द कागदावर नव्हता. पण पणजोबाचं नाव त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मग त्या दोघांना फळ्याजवळ उभं करून कागद कसा वाचला ते सगळ्यांना सांगायला लावलं. ज्या लिपीचा वर्गातल्या कित्येकांनी ‘त्यांची’ म्हणून उल्लेख केला असता, तिच्यात त्यांच्याच वाडवडिलांच्या शेतांचे बांध लिहिलेले होते. यातून दोघांची मैत्री झाली असं काही मी सांगणार नाही. तसं काही मला दिसलं नाही. पण पुढच्या महिन्यात आणखी तीन मुलांनी आपापल्या घरचे कागद तिच्याकडे नेऊन दिले, आणि तिने ते घेतले.

जानेवारीत वर्ग पुन्हा तापतो. १४ जानेवारी हा नामविस्तार दिन. त्या दिवशी विद्यापीठाच्या प्रवेशद्वारासमोर सगळ्या मराठवाड्यातून माणसं येतात. वर्गातल्या मुलांना गर्दी माहीत असते, कारण मात्र फार थोड्यांना माहीत असतं. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला आणि दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरं जळाली, माणसं मारली गेली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांचा खून झाला. १९७९ ला नामांतरासाठी लाँग मार्च निघाला. १९९३ च्या नोव्हेंबरात नांदेडला गौतम वाघमारे यांनी त्याच मागणीसाठी स्वतःला जाळून घेतलं. १४ जानेवारी १९९४ ला नाव आलं, ‘मराठवाडा’ हा शब्द ठेवून. सोळा वर्षं. आणि ज्या माणसाच्या नावासाठी ही सोळा वर्षं लागली, त्याने याच शहरात १९५० साली, जेव्हा सबंध मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हती, तेव्हा मिलिंद महाविद्यालय उभं केलं होतं. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद १९५१ मध्ये त्याच्या कोनशिलेसाठी इथे आले होते. त्या महाविद्यालयात सगळ्या जातींची मुलं शिकली. हे शिकवताना माझा आवाज सपाट राहत नाही, आणि तो सपाट राहावा अशी माझी इच्छाही नाही.

त्या जानेवारीत, सप्टेंबरमध्ये गप्प बसलेली ती मुलगी आपणहून उभी राहिली. तिची आजी १९७८ च्या ऑगस्टात परभणीकडच्या गावातून दोन लेकरं घेऊन रात्री निघाली होती. घर जळालं होतं. शहरात भावसिंगपुऱ्याला नात्यातल्या कुणाकडे ती टेकली, मग बांधकामावर गेली. ‘आजी अजून काडी स्वतः पेटवत नाही’, मुलगी म्हणाली, ‘आई पेटवून देते.’ एवढं बोलून ती बसली.

वर्गात कुणीतरी मागून म्हणालं, ‘बघा, हे यांनी केलं.’ आता माना दुसऱ्या बाजूला वळल्या, गंगापूरच्या मुलाकडे आणि त्याच्या आसपासच्या बाकांकडे. तो तडकला. ‘मी तेव्हा जन्मलो पण नव्हतो!’

सप्टेंबरचा नियम इथेही लागू होता. १९७८ च्या जाळपोळीचा जाब माझ्या वर्गातल्या कुठल्याही मुलाने द्यायचा नाही. मी ते तसंच सांगितलं. पण त्याला सोडूनही दिलं नाही. म्हणाले, जाब तुझ्याकडे कुणी मागणार नाही. मात्र काय झालं ते तुला माहीत असायला हवं, जसं मला असायला हवं, कारण आपण दोघं ज्या गावांतले आहोत तिथे हे झालं आहे. त्याने घरी जाऊन आजीला विचारलं. तिला आठवत होतं. तिने काय सांगितलं ते त्याने वर्गात सांगितलं नाही, मला व्हरांड्यात सांगितलं, आणि ते मी इथे लिहिणार नाही.

या दोन प्रसंगांना सारखं मानणं मात्र मला मान्य नाही. नियम दोघांना एकच, पण त्या दोघांची जोखीम एक नव्हती. मुलाला आपल्या लोकांवरचा आरोप ऐकावा लागला. मुलीच्या घरात आजीसाठी काडी अजून दुसऱ्याने पेटवावी लागते. ‘दोन्ही बाजूंना समान न्याय’ म्हणत शिक्षक जेव्हा प्रत्येकाला तीन-तीन मिनिटं मोजून देतो, तेव्हा घड्याळ समान असतं, बाकी काही नसतं. म्हणून वादविवाद स्पर्धेतला ‘बाजू बदलून बोला’ हा प्रकार मी जातीच्या विषयावर कधीच करत नाही. वस्तीतून आलेल्या मुलीला आरक्षणाच्या विरोधात भाषण करायला लावून तिची तर्कबुद्धी वाढते असं मला वाटत नाही.

कुठले प्रश्न खुले आहेत आणि कुठले बंद, हे मी पहिल्या आठवड्यातच सांगते. मराठ्यांना आरक्षण द्यावं का, वेगळं द्यावं की इतर मागासवर्गात, ५० टक्क्यांची मर्यादा योग्य का, क्रीमीलेयरची रेषा कुठे असावी, हे प्रश्न खुले आहेत. अंतरवालीपासून जवळच, त्याच अंबड तालुक्यात, वडीगोद्रीला जून २०२४ मध्ये लक्ष्मण हाके यांनी ओबीसींच्या बाजूने उपोषण केलं. एका तालुक्यात दोन मांडव, दोन्हींत शेतात राबणारी माणसं. त्यावर माझ्या वर्गात हवं तेवढं भांडा. पण अस्पृश्यता नष्ट करणाऱ्या अनुच्छेद १७ वर मतदान होत नाही. अस्पृश्यता होती का, ती वाईट होती का, कुठल्या धर्माचा माणूस या देशाचा आहे का, हे प्रश्न माझ्या वर्गात चर्चेला येत नाहीत. कुणी आणलेच तर त्यांचं उत्तर मी एका वाक्यात देते आणि पुढे जाते. याला कुणी पक्षपात म्हणालं तर तो पक्ष राज्यघटनेचा आहे, आणि पगारही मला तीच शिकवण्याचा मिळतो.

शहराच्या नावाचं प्रकरण याहून नाजूक निघालं, कारण ते रोज लिहावं लागतं. १९८८ पासून औरंगाबादचं नाव बदलण्याची मागणी होती, १९९५ ला अधिसूचना निघाली, २००१ ला मागे घेतली गेली, जून-जुलै २०२२ मध्ये दोन वेगळ्या मंत्रिमंडळांनी आपापले निर्णय घेतले, २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राची मान्यता आली, मे २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने नामांतर कायम ठेवलं. अर्जावर, कागदपत्रांवर सरकारी नाव लिहायचं, हे मी मुलांना स्पष्ट सांगते. बोलताना कोण काय म्हणतो यावर वर्गात कुणी कुणाला टोकायचं नाही. छत्रपती संभाजी महाराजांचं बलिदान ज्यांच्या मनात जिवंत आहे त्यांचा अभिमान मला परका नाही, मी त्याच अभिमानात वाढले. आणि ज्या मुलाच्या पणजीच्या तोंडी शहराचं जुनंच नाव होतं, त्याच्या तोंडून ते आलं तर त्यात औरंगजेबाची बाजू घेणं नसतं.

२०२५ च्या मार्चमध्ये खुलताबादेतल्या औरंगजेबाच्या कबरीवरून राज्यभर वातावरण पेटलं, नागपूरला दंगल झाली. त्या आठवड्यात एका मुलाने सहज विचारावं तसं किराडपुऱ्यातल्या मुलाला विचारलं, ‘तुझं काय मत औरंगजेबाबद्दल?’ दोन वर्षांपूर्वी रामनवमीच्या आदल्या रात्री किराडपुऱ्यात जाळपोळ झाली होती. ते ऐकत जागलेल्या घरातला हा मुलगा. त्याला विचारलेला तो इतिहासाचा प्रश्न नव्हताच. ती निष्ठेची तोंडी परीक्षा होती, आणि तशी परीक्षा त्या वर्गात दुसऱ्या कुणाची होत नव्हती. तो प्रश्नही मी माझ्याकडे घेतला. मग विचारलं, हे शहर वसवलं कुणी?

बहुतेकांनी औरंगजेब म्हटलं. मी मलिक अंबरचं नाव फळ्यावर लिहिलं. हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचा. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात विकला जात दख्खनला आलेला, निजामशाहीचा पेशवा झालेला. १६१० च्या सुमारास खडकी या जागी त्याने शहर वसवलं, नहर खोदून पाणी आणलं, भडकल दरवाजा बांधला. १६२४ ला भातवडीच्या लढाईत त्याच्या बाजूने शहाजीराजे लढले. मुघलांना त्याने आयुष्यभर दख्खनमध्ये झुंजत ठेवलं. १६२६ ला तो गेला, त्याची कबर खुलताबादलाच आहे. नंतर त्याच्या मुलाने शहराचं नाव फत्तेनगर केलं, त्यानंतर औरंगजेबाने आपलं दिलं.

वर्ग ऐकत होता, कारण यातलं काहीच त्यांच्या स्टेटसवर नव्हतं. शहरात शिकायला येणाऱ्या आफ्रिकी मुलांना रिक्षास्टँडवर काय म्हणून हाक मारतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांच्यापैकी काहींनी ती मारलेलीही असेल. ज्याने हे शहर वसवलं तो तसाच दिसत होता, हे लक्षात आल्यावर बोलणं भलतीकडेच वळलं. रंगाचं काय, गुलामीचं काय, जात आणि वंश एकच का? १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या परिस्थितीतलं साम्य मांडलं होतं, ते मी सांगितलं. दलित पँथरने १९७२ मध्ये नाव तिकडूनच उचललं, आणि इथे शहरात गंगाधर पानतावणे यांचं ‘अस्मितादर्श’ त्याच काळात दलित लेखकांना छापत होतं, तेही सांगितलं. एका मुलीने म्हटलं, ‘मॅडम, गोरेपणाची क्रीम मीही लावते.’ तिच्या मागून चार जणींनी मान हलवली. किराडपुऱ्याचा मुलगाही बोलायला लागला, भडकल दरवाज्याविषयी. त्या दरवाज्यासमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे, १४ एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि त्याचे अब्बा तिथे त्या दिवशी पाणी वाटायला उभे राहतात. औरंगजेबाबद्दलचं त्याचं मत कुणालाच कळलं नाही. कळायची गरज नव्हती.

काही गोष्टी फटाफट सांगून टाकते. चर्चेच्या तासाला मोबाइल टेबलावरच्या खोक्यात जातात, माझाही. तीस सेकंदांची क्लिप बाहेर गेली तर तिच्या मागचे-पुढचे शब्द कुणी ऐकत नाही, आणि ज्याची क्लिप असते त्याचं घर गावात असतं. जातीवरून शिवी आली तर तास तिथेच थांबतो आणि पुढचं नियमाने होतं. तिथे माझा समजूतदारपणा संपतो. तास संपल्यावर मी पाच मिनिटं दाराशी उभी राहते, कारण राहिलेलं भांडण जिन्यात होतं. एकदा एक वडील आले होते, ‘मॅडम, तुम्ही वर्गात राजकारण शिकवता म्हणे.’ मी त्यांना विद्यापीठाचा अभ्यासक्रम उघडून दाखवला आणि पुढच्या तासाला मागच्या बाकावर बसायचं निमंत्रण दिलं. ते बसले. शेवटी त्यांनीच हात वर केला आणि १९९२ च्या निकालाबद्दल विचारलं.

‘मॅडम, तुमची बाजू कोणती?’ हे मात्र दरवर्षी येतं. मी मत लपवत नाही. फक्त निकाल लागल्यावर सांगते, गुणपत्रिका हातात पडल्यावर, ज्याला हवं त्याला, चहा घेता घेता. माझ्या मतावर ज्यांचं काही अवलंबून आहे त्यांना माझ्याशी मोकळेपणाने भांडता येणार नाही, एवढंच त्यामागचं कारण.

हे सगळं मला जमतं याचं मोठं श्रेय माझ्या नोकरीला आहे, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. मी कायम आहे. आज महाराष्ट्रातल्या महाविद्यालयांत कितीतरी तास तासिका तत्त्वावरची तरुण शिक्षक मंडळी घेते. नेट-सेट झालेली, पीएचडी केलेली, दरवर्षी नव्याने मुलाखत देऊन लागणारी, तासावर पैसे मिळणारी. त्यांच्या वर्गात आरक्षणाचा विषय निघाला आणि कुणी तक्रार केली तर पुढच्या वर्षीची नेमणूक राहीलच असं नाही. ते नोट्स देतात, आणि मी त्यांना दोष देत नाही. तापलेला वर्ग सांभाळायला धीर लागतो असं आपण म्हणतो. त्याआधी नेमणुकीचा कागद लागतो. जागा भरल्या नाहीत तर अनुच्छेद १५ यापुढे उतरवून घेण्यापुरताच शिकवला जाईल, आणि बाकीचं स्टेटसवर होईल.

आमच्या विभागात अशी एक तरुण सहकारी आहे. तिने मला विचारलं, ‘मॅडम, मी तुमच्या तासाला बसू का?’ आता ती बसते, आणि चर्चेचा तास आम्ही दोघी मिळून घेतो. वेळापत्रकात तो माझ्या नावावर आहे, म्हणजे तक्रार आली तर ती माझ्याकडे यावी. हैदराबाद गॅझेटवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याच्या सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयावर मुलं आता आम्हा दोघींना विचारतात. इतर मागासवर्गातली मुलं घाबरलेली आहेत, मराठा मुलं घाईत आहेत, दोघांकडेही निर्णयाची प्रत नाही. सोमवारी ती वाटायची आहे. झेरॉक्स झाल्या आहेत, दोघांत एक अशी. जोड्या तीच लावणार आहे, रोल नंबरने.